अवरेकाई आणि उघडं इंजिन

आधी माफी मागून घेतो. आमच्या घरात लेख लिहिलेला माणूस नाही. वडील निपाणीजवळ तंबाखूच्या वखारीत पोती उचलतात. सही करण्यापुरतं पेन धरतात. आई विड्या वळते. कॉलेजात पोचलेला घरातला मी पहिला, आणि तिथेही शेवटच्या बाकावरचा. बेंगळुरूच्या आपल्या मराठी मंडळाच्या या अंकात नेहमी मोठी, जाणती माणसं लिहितात. त्यांच्या पंगतीत मी बसावं की नाही, हे ठरवण्यातच माझे दोन आठवडे गेले. ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "लिही की. पण मला देवी करू नकोस. आणि इंजिनाविषयी चुकीचं लिहिलंस तर खोलीत घेणार नाही."

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात मी सध्या प्रोजेक्टसाठी जातो, त्याच्या फाटकाबाहेर परवा एका गाडीवर अवरेकाईचा ढीग दिसला. वालाच्या जातीच्या हिरव्या शेंगा. आमच्याकडे पावटा म्हणतात, पण आमच्या पावट्याला असा वास नसतो. थंडीचं दव पडलं की या शेंगांच्या सालीवर एक चिकट तेलकटपणा येतो आणि बेंगळुरूची माणसं तो नाकाशी धरून, डोळे मिटून, हुंगून शेंगा घेतात. मीही एक शेंग उचलून हुंगली. आणि मला वास आला रॉकेलचा.

शेंगेला रॉकेलचा वास नव्हता, हे मला कळतं. तो गेल्या वर्षीच्या थंडीतला होता.

गेल्या वर्षी मी मल्लेश्वरममध्ये इंदूअक्कांच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. अक्कांचं घराणं इथे कित्येक पिढ्यांपासूनचं. त्यांच्या मराठीत कानडी असं मिसळलेलं, की सुरुवातीला मला त्यांची मराठी आमच्या सीमाभागातल्या मराठीपेक्षाही जवळची वाटली. वय सहासष्ट. लग्न केलं नाही. सरकारी रुग्णालयाच्या रक्तपेढीत चौतीस वर्षं तंत्रज्ञ होत्या. पहिल्या दिवशी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून त्यांनी विचारलं होतं, "मेकॅनिकल म्हणजे काय, पान्हा धरता येतो का नुसतं चित्र काढता येतं?"

मी खरं सांगितलं. "चित्र, अक्का."

"सरी, चालेल. चित्र काढणारा पण लागतोच."

पोर्चमध्ये ताडपत्रीखाली एक जुनी हेराल्ड मोटार उभी होती. दोन दारांची, फिकट निळी, साठीच्या दशकातली. अक्कांच्या वडिलांची. या गाडीचं बॉनेट इतर गाड्यांसारखं वर उघडत नाही. चाकांवरच्या पत्र्यासकट सगळं नाक पुढच्या बाजूला उलटतं आणि आतलं इंजिन ताटात वाढल्यासारखं समोर येतं. पुढच्या टायरवर उशी टाकून अक्का बसायच्या आणि काम करायच्या. त्यांनी ही गाडी दुरुस्त करायला कुणालाच दिली नाही. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं पुस्तकं वाचली, एका गॅरेजात जाऊन नुसतं बघत बसल्या, आणि मग एके दिवशी स्वतः पहिला बोल्ट सोडला.

का, ते त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मोठ्या भावासाठी. नारायणअण्णा धारवाडला असतात. चोवीस वर्षांपूर्वी दसऱ्याला घरी आलेले अण्णा सणानंतर चार दिवसांनी बायकोमुलांना घेऊन याच गाडीनं देवनहळ्ळीकडे निघाले होते. वाटेत रेडिएटर कोरडा पडला, इंजिन तापलं आणि जाम झालं. गाडी दोर बांधून घरी आणली. वडील त्याच्या आदल्या वर्षी गेलेले. सगळ्यांच्या देखत अक्का अण्णांना म्हणाल्या, "बाबा गेले तेव्हा तू नव्हतास. आता त्यांची गाडीपण घालवलीस. पाणीसुद्धा बघता आलं नाही तुला." अण्णांनी किल्ली देवासमोर ठेवली आणि गेले. आई वारली तेव्हा स्मशानात आले, घरात आले नाहीत.

"आता मी सुरू करते गाडी," अक्का म्हणाल्या, "आणि मग कळवते त्याला. झालं गेलं, गाडी चालते, ये घरी. म्हणजे त्यालाही यायला तोंड राहील."

मोठ्या मनानं माफ करायला निघाल्या होत्या त्या. त्यांच्याविषयी मला जो आदर वाटला त्याची सुरुवात तिथे झाली. पण तो आदर खरा कशासाठी होता ते मला पुढे कळलं.

त्या थंडीतलं मला काय काय आठवतं? सकाळचं धुकट ऊन, शेजारच्या घरातून येणारा फिल्टर कॉफीचा वास, आणि पोर्चमधल्या लांब टेबलावर ओळीनं मांडलेल्या रक्ताच्या नमुन्याच्या रिकाम्या बाटल्या. प्रत्येकीत चार-सहा नटबोल्ट, प्रत्येकीवर पांढरी पट्टी, पट्टीवर सुवाच्य अक्षरात नाव. इंजिनाचे आठ व्हॉल्व्ह ज्या जागेवरून काढले त्याच जागी परत बसायला हवेत, म्हणून अक्कांनी ते इडलीपात्राच्या दोन ताटल्यांत ठेवले होते. एका ताटलीला चार खळगे. दोन ताटल्या म्हणजे आठ. मी आमच्या प्रयोगशाळेत कितीतरी नीटनेटक्या मांडण्या पाहिल्या आहेत. इतकी चोख एकही नाही. "मग आता इडल्या कशात?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "उपमा खा."

व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत घट्ट बसावा म्हणून मध्ये बारीक कुरुंदाची खरखरीत पेस्ट लावून तो घासावा लागतो. त्याला एक रबरी टोपीची काठी लावायची आणि ती दोन्ही तळव्यांमध्ये धरून फिरवायची. अक्का ती रवीसारखी फिरवायच्या. ताक घुसळताना बाईचे खांदे जसे हलतात तसेच त्यांचे खांदे हलायचे. थोड्या वेळानं व्हॉल्व्ह उचलून पुसायच्या, कडेला उमटलेली राखाडी वर्तुळाकार रेघ उजेडात धरायच्या आणि ती कुठे तुटली आहे का बघायच्या. तुटली असली तर पुन्हा घुसळण. आमच्या पुस्तकात या गोष्टीला दीड ओळ आहे. अक्कांना आठ दिवस लागले.

आणि तिसऱ्या नंबरचं पिस्टन. तेच जाम होतं. चोवीस वर्षांचा गंज. अक्कांनी सिलिंडरमध्ये रॉकेल आणि डिझेल ओतून ठेवलं, आणि रोज सकाळी आंघोळीनंतर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचे पाच ठोके. मोजून पाच. सहावा नाही. मला दम निघेना. "अक्का, जोरात एक घालतो ना मी."

"घाल. आणि फुटलं की नवं इंजिन तुझ्या पुस्तकातून काढून दे."

सतरा दिवस ते पिस्टन हललं नाही. मी रोज कॉलेजला जाताना मनातल्या मनात म्हणायचो, हे होणार नाही. अक्का मात्र रोज पाचव्या ठोक्यानंतर हातोडी पुसून ठेवायच्या आणि शेंगा सोलायला बसायच्या. भिजवलेला अवरेचा दाणा दोन बोटांत दाबला की सालीतून टुणकन बाहेर उडतो. अठराव्या दिवशी पाचव्या ठोक्याला आवाज बदलला. काही दिसलं नाही. फक्त आवाज. अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ऐकलंस?" त्यांच्या बोटांना रॉकेलचा वास होता आणि ताटात सोललेले दाणे. तो वास आणि ती चव माझ्या जिभेवर आणि नाकात कायमची एकत्र झाली, त्याला माझा इलाज नाही.

रक्तपेढीतली त्यांची आणखी एक सवय होती. बाटली देताना एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकून, बघून, तेच परत म्हणायचं. इंजिनालाही तेच. मी माहितीपुस्तकाच्या झेरॉक्समधून इंग्रजी वाक्य मोठ्यानं वाचायचो, त्या मराठीत परत सांगायच्या, मग पान्हा लावायच्या. मी वाचताना अडखळायचो. वर्गात असं अडखळलो की मागून कुणीतरी खोकतं. अक्का नुसत्या थांबायच्या. "स्वल्प सावकाश. इंजिन चोवीस वर्षं थांबलंय, तुझ्यासाठी दोन मिनिटं थांबेल." त्या पोर्चमध्ये मी इंग्रजी वाचायला शिकलो, हे मी कॉलेजात कुणाला सांगितलेलं नाही.

सिलिंडर बोअर करायला, म्हणजे आतून कोरून गुळगुळीत करायला, आम्ही इंजिनाचा ब्लॉक टेम्पोत घालून पीण्याला नेला. कारखानदारानं आधी ब्लॉककडे, मग अक्कांकडे पाहिलं आणि म्हणाला, "अम्मा, हे म्युझियमला देऊन टाका."

"मलाच न्यायला यायचेत म्युझियमवाले," अक्का कानडीत म्हणाल्या, "म्हणून तर घाई आहे. कधी देतोस?"

तो इतका हसला की त्यानं दुसऱ्याच दिवशी काम करून दिलं.

सगळं असं मजेत चाललं होतं. मग रेडिएटरची पाळी आली.

रेडिएटरवाला घराच्या मागच्या गल्लीत होता. त्यानं ज्योतीनं झाळ सोडवून रेडिएटरची वरची टाकी उचलली आणि आत वाकून बघितलं. जाळीच्या बारीक नळ्यांच्या तोंडांवर एक तपकिरी, टणक थर बसला होता. भाताच्या पातेल्याच्या बुडाला खरपुडी धरते तसा. त्यानं स्क्रूड्रायव्हरनं तो खरवडला, बोटांत चुरला. "अम्मा, या गाडीत भात कुणी शिजवला?" तो हसत होता. थराखालून त्यानं एक पैसा काढला. मध्ये भोक असलेला जुना तांब्याचा पैसा, हिरवा पडलेला.

मीही हसलो. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी पैसा घेतला, मूठ मिटली आणि छत्री तिथेच विसरून घरी चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला समोर बसवलं. पुढ्यात शेंगा होत्या, पण हात चालत नव्हता. आमच्या या शहरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा असते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. गाड्या, यंत्रं, पान्हे, सुऱ्या, सगळ्यांना हळदकुंकू. त्या वर्षी आई आजारी, म्हणून कलश अक्कांनी मांडला होता. कलशात पाणी, अक्षता, पानाचे तुकडे, फुलं आणि घरातला तो भोकाचा पैसा. पूजा उतरल्यावर कलशाचं पाणी तुळशीला घालतात.

"मी तुळशीपर्यंत गेले," अक्का म्हणाल्या. "आणि मागे गाडी दिसली. बाबांना जाऊन वर्ष झालेलं. वाटलं, तुळशीला रोजच मिळतं. बाबांच्या गाडीला घालूया. त्यांना पोचल्यासारखं होईल. रेडिएटरचं झाकण उघडलं आणि ओतलं. सगळं. पैसा आईनं नंतर किती शोधला. मला आठवलंसुद्धा नाही."

तांदूळ पाण्यात भिजले. फुगले. नळ्या बुजल्या. चार दिवसांनी अण्णांनी गाडी बाहेर काढली. तापलेल्या पाण्यात तांदळाचा भात झाला, पाणी उकळून गेलं आणि रेडिएटर कोरडा सापडला. कोरडा रेडिएटर पाहून सगळ्यांनी एकच अर्थ काढला.

मग मला जे सुचलं ते बोललो, आणि ते इथे लिहायची लाज वाटते. मी म्हणालो, "अक्का, हे फक्त तुम्हाला, मला आणि त्या रेडिएटरवाल्याला माहीत आहे. अण्णांना तर तुम्ही माफ करणारच होतात. मग सांगायचं कशाला?"

अक्का रागावल्या नाहीत. त्यांनी मला रक्तपेढीतली गोष्ट सांगितली. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्यांनी एका बाटलीवर चुकीचा रक्तगट लिहिला होता. बाटली बाहेर जायच्या आधी त्यांच्याच लक्षात आलं. कुणी पाहिलं नव्हतं. पट्टी बदलली असती तर संपलं असतं. "पण आम्हाला शिकवलेलं होतं. चूक सापडली की पट्टी नंतर बदलायची. आधी वहीत लिहायचं. काय चुकलं, कुणी चुकवलं, खाली सही. नाहीतर पुढच्या वेळी तुझ्या हाताला कळत नाही की तो चुकतो." मग म्हणाल्या, "चोवीस वर्षं त्याच्या नावावर लिहिलेलं आहे हे. खोडायला नको?"

त्याच संध्याकाळी त्यांनी पत्र लिहिलं. फोन केला नाही. फोनवर माणूस मध्येच रडतो आणि मग समोरच्याला लगेच माफ करावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. पत्र मला वाचायला दिलं, चुका बघायला. एक पानभर. 'तू पाणी बघितलं नाहीस असं मी म्हणाले ते खोटं ठरलं आहे' इथून सुरुवात, मग कलश, तांदूळ, पैसा, एकामागून एक. कुठे 'पण' नाही. मला वाटतं, इतकं सरळ मराठी मी वाचलेलं नाही.

ते पत्र पेटीत टाकून मी परत आलो आणि जिन्यात थांबलो. कारण माझ्याही पोटात एक गोष्ट होती. आठवड्यापूर्वी मी पिस्टनच्या रॉडच्या खालच्या टोप्या पुसत होतो. रॉड खाली फिरणाऱ्या क्रँकच्या दांड्याला जिथे धरतो तिथली ही अर्धगोल टोपी. ज्या रॉडची, त्यालाच बसली पाहिजे. पुसताना दोन टोप्या एकत्र झाल्या. कुठली कुणाची ते मी अंदाजानं ठरवलं आणि गप्प राहिलो. अक्कांनी त्या बसवल्याही होत्या. मी स्वतःला सांगत होतो की अंदाज बरोबर असेल. आमच्या घरात चूक कबूल करणं म्हणजे दिवसाचं काम जाणं. वखारीत पोतं फाटलं तर माझे वडील आधी इकडेतिकडे बघतात. मी त्यांना दोष देत नाही. पण मीही तेच करत आलोय, शाळेपासून.

मी पोर्चमध्ये जाऊन सांगितलं.

"कुठल्या दोन?" अक्कांनी एवढंच विचारलं.

"दोन आणि तीन. बहुतेक."

"बहुतेक नाही चालत. काढ." आणि उशी उचलून टायरवर बसल्या. चारही टोप्या पुन्हा काढल्या. रॉडवर आणि टोपीवर कोरलेल्या बारीक खुणा भिंगाखाली जुळवल्या. माझा अंदाज चुकला होता. इंजिन तसंच सुरू केलं असतं तर काय झालं असतं ते मला आता नीट माहीत आहे, म्हणून लिहीत नाही. अक्कांनी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. मी हात धुवायला उठलो तेव्हा म्हणाल्या, "जेवून जा. अवरेची उसळ आहे."

माघात एका रविवारी सकाळी इंजिन सुरू झालं. तीनदा नुसतं खाकरलं, चौथ्यांदा धरलं. निळा धूर, मग पांढरा, मग काहीच नाही; फक्त एक गोल, भरीव आवाज, त्यात व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटची थोडी टिकटिक. शेजारचे लोक गच्चीत आले. अक्कांनी बॉनेटवर, नाही, बॉनेट उलटलेलंच होतं, त्यांनी सरळ इंजिनावरच्या झाकणावर, रॉकर कव्हरवर हात ठेवला आणि चटका बसेपर्यंत काढला नाही.

पण गाडी फाटकाबाहेर गेली नाही. धारवाडहून उत्तर आलं नव्हतं. दर रविवारी सकाळी दहा मिनिटं इंजिन चालवायचं आणि बंद करायचं, असं सुरू झालं. फाल्गुन गेला, चैत्र गेला. मी म्हटलं, आपण धारवाडला जाऊया का? अक्का म्हणाल्या, "चूक माझी, आणि घाईपण माझीच? त्याला चोवीस वर्षं लागली तर लागू देत."

तेव्हा त्या सदुसष्टाव्या वर्षात होत्या. वाट बघणं इतकं न कुरकुरता करता येतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. जूनमध्ये प्रोजेक्टसाठी मी पीण्याला राहायला आलो. अधूनमधून फोन करायचो. इंजिनाची चौकशी करायचो, दुसरी कुठली करायचा धीर व्हायचा नाही. त्याही इंजिनाचंच सांगायच्या.

पुढे माझं काय होईल, माहीत नाही. मोठा इंजिनिअर होईन असं वाटत नाही. पण गेल्या महिन्यात कारखान्यात एका मापात मी चुकलो आणि फोरमननं विचारायच्या आधी जाऊन सांगितलं. तो ओरडला. मग दुपारी त्यानंच मला मायक्रोमीटर कसा धरायचा ते दाखवलं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. मशिनं बंद होती, तरी त्यांचा आवाज मला नीट कळेना, इतका तो हळू होता.

"संतोष, अण्णा आलाय रे."

त्या सांगत गेल्या. रविवारी सकाळी नेहमीसारखं इंजिन लावलं होतं. फाटकापाशी रिक्षा थांबली, ती त्यांनी पाहिलीच नाही. एक म्हातारा माणूस हातात पिशवी घेऊन फाटकाला टेकून ऐकत उभा होता. दहा मिनिटं झाली, त्यांनी इंजिन बंद केलं, तेव्हा मागून आवाज आला. पंचवीस वर्षांनी या घरात त्याचं पहिलं वाक्य.

"इंदू, टॅपेट स्वल्प वाजतायत."

"मग?" मी विचारलं. "तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, पान्हे टेबलावर आहेत."

पत्र अण्णांना वेळेवर मिळालं होतं. उत्तर लिहायला बसले की अडायचं. कारण त्या दिवशी बॉनेटमधून वाफ येताना त्यांनी पाहिली होती. सासुरवाडीची माणसं पुढच्या गावात वाट बघत होती, त्यांच्यासमोर गाडी बंद पडलेली दिसू नये म्हणून त्यांनी तशीच रेटली. हे त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. ते लिहायला त्यांना दहा महिने लागले, आणि शेवटी लिहिलंच नाही. येऊन सांगितलं.

"आणि आता?"

"आता गाडीखाली झोपलाय तो. एकाहत्तर वर्षांचा माणूस. म्हणतो, सायलेन्सरचा पट्टा चुकीचा लावलाय मी." मागून पत्र्यावर काहीतरी ठोकल्याचा आवाज येत होता.

"रविवारी आलाय," त्या म्हणाल्या. "आज गुरुवार. परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही."